मुलांचा भत्ता कोणाच्या हातीं?

मजुरीचा दर ठरवितांना मजुराच्या घरीं खाणारीं तोंडें किती, हें कोणी मोजीत नाहीं. एकट्या जिवाला जें वेतन, तेंच पांच लेकरांच्या बापाला. मग वाढत्या तोंडांचा भार कोणीं उचलावा? इंग्लंडांत या प्रश्नाचा पाठपुरावा एलिनॉर रॅथबोन या विदुषीनें पाव शतकाहून अधिक काळ केला.

पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या पत्नींना सरकार मुलांच्या संख्येप्रमाणें भत्ता देई. लिव्हरपूल येथें त्या कामाशीं बाईंचा निकट संबंध आला, आणि पैका थेट आईच्या हातीं पडला कीं तो लेकरांच्या मुखीं लागतो, अशी त्यांची खात्री पटली. १९२४ सालीं ग्रंथ लिहून त्यांनीं मुलांच्या भत्त्याचा पक्ष सप्रमाण मांडला.

१९४२ सालच्या बेव्हरिजसाहेबांच्या अहवालांत दर मुलामागें आठवड्यास ८ शिलिंग सुचविले होते. १९४५ च्या कायद्यांत त्यांचे ५ झाले, आणि तेहि दुसऱ्या मुलापासून पुढें. पहिल्या लेकरानें बापाच्या मजुरीवरच वाढावें, असा हा हिशेब!

सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो पैसे कोणाला द्यावे यावर. मूळ विधेयकांत भत्त्याचा धनी बाप होता. ज्या गोष्टीसाठीं आयुष्य वेंचलें, तिच्याच विधेयकाविरुद्ध मत देण्याचा इशारा रॅथबोनबाईंनीं पार्लमेंटांत दिला. अखेर सभासदांना स्वतंत्रपणें मत देण्याची मोकळीक मिळाली आणि कायद्यांत आईचें नांव आलें.

६ ऑगस्ट १९४६ रोजीं ब्रिटनभर टपाल कचेऱ्यांतून पहिला भत्ता वांटला गेला. रॅथबोनबाई त्याच वर्षीं जानेवारींत निवर्तल्या होत्या.