पोलिसांची वाणी आणि पोलिसांचे कान

सरकारची आज्ञा लोकांच्या कानीं पडावी म्हणून पूर्वीं गांवोगांवीं दवंडी पिटीत असत. दवंडीवाला चौकांत उभा राही, डफावर थाप मारून लोकांचें लक्ष वेधी, चार वाक्यांत आज्ञा ऐकवी आणि पुढच्या चौकाकडे चालूं लागे. कोणाला कांहीं विचारावयाचें असेल, कोणाची कांहीं तक्रार असेल, तर ती ऐकण्यासाठीं तो थांबत नसे; कारण तें त्याचें कामच नव्हतें. नागपूरच्या महाल भागांतील पोलीस ठाण्याचें नांव आजहि कोतवाली असेंच आहे. कोतवालाचा काळ गेला, दवंडी गेली, १९६५ सालीं नागपूर शहरासाठीं पोलीस आयुक्तालय स्थापन झालें. परंतु सत्तेनें बोलावें आणि लोकांनीं मुकाट्यानें ऐकावें, ही दवंडीची रीत इतक्या सहजासहजीं जात नाहीं. म्हणून शहराचें पोलीस खातें लोकांशीं कसें बोलतें, एवढाच प्रश्न पुरेसा नाहीं. तें लोकांचें कसें ऐकतें, हा त्याच प्रश्नाचा दुसरा व अधिक अवघड भाग होय.

बोलण्याच्या बाबतींत नागपूरच्या पोलिसांनीं मोठें नांव मिळविलें आहे. सप्टेंबर २०१९ मधील गोष्ट. चंद्रयान-२ मोहिमेंतील विक्रम नांवाचें यान ७ सप्टेंबरच्या पहांटे चंद्रावर उतरत असतां शेवटच्या टप्प्यांत त्याचा पृथ्वीशीं असलेला संपर्क तुटला. सारा देश हळहळत होता. दोनच दिवसांनीं नागपूर शहर पोलिसांनीं ट्विटर या माध्यमावर एक छोटासा संदेश प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा कीं, प्रिय विक्रम, कृपा करून उत्तर दे; तूं सिग्नल तोडलास म्हणून आम्ही कांहीं तुझें चालान फाडणार नाहीं! हां हां म्हणतां तो विनोद देशभर पसरला. ज्या खात्याच्या नुसत्या नांवानें सामान्य माणसाच्या छातींत धडकी भरते, तें खातें आपल्यासारखेंच हळहळतें आणि स्वतःच्या दंडाच्या पावतीवर थट्टाहि करतें, हें पाहून लोकांना नवल वाटलें आणि बरेंहि वाटलें.

या थट्टेला कमी लेखण्याचें कारण नाहीं. ज्याच्याशीं एकदां हंसून बोलणें झालें, त्याच्या दारीं संकटसमयीं जाण्यास माणसाला संकोच वाटत नाहीं. वाहतुकीचे नियम, ठकबाजीच्या नव्या नव्या युक्त्या, हरवलेल्या मुलांची माहिती या गोष्टी पूर्वीं ठाण्याबाहेरच्या फळ्यावर चिकटविलेल्या कागदावर धूळ खात पडत. आतां त्या क्षणार्धांत घरोघर पोहोंचतात. सूचनेला विनोदाची जोड मिळाली कीं ती लक्षांत राहते, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतें. परंतु त्याच शिक्षकाला दुसरीहि एक गोष्ट ठाऊक असते. वर्ग हंसला म्हणजे वर्गाला समजलें असें नव्हे. आणि मागच्या बांकावरचा जो मुलगा कधींच कांहीं विचारीत नाहीं, त्याला सर्व कांहीं येतें असेंहि नव्हे.

शिवाय ज्या वेगानें पोलिसांचा शब्द घरोघर जातो, त्याच वेगानें अफवाहि जाते. १७ मार्च २०२५ रोजीं नागपुरानें याचा कटु अनुभव घेतला. औरंगजेबाच्या कबरीच्या प्रश्नावरून महाल भागांत दिवसां निदर्शनें झालीं. त्यांत पवित्र वचनें लिहिलेली चादर जाळली गेली, अशी वार्ता पसरली. ती अफवा असल्याचें सरकारकडून सांगण्यांत आलें. परंतु तोंवर वार्तेनें आपलें काम केलें होतें. सायंकाळीं महालांत आणि रात्रीं हंसापुरींत दगडफेक व जाळपोळ झाली. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले, त्यांत उपायुक्तांच्या दर्जाचे अधिकारीहि होते. पुढें एका नागरिकाचा रुग्णालयांत मृत्यु झाला. शहराच्या ११ ठाण्यांच्या हद्दींत संचारबंदी लागू करावी लागली. शेजार्‍याला वर्षानुवर्षें ओळखणारीं माणसें एका रात्रींत एकमेकांकडे संशयानें पाहूं लागलीं. अशा वेळीं पोलिसांचा खुलासा कितीहि शीघ्र प्रसिद्ध झाला, तरी तो लिहिणार्‍यावर ऐकणार्‍याचा विश्वास आधींपासून असला, तरच त्याचा उपयोग होतो. आणि हा विश्वास त्या रात्रीं निर्माण करतां येत नाहीं. तो मागल्या दहा-वीस वर्षांत ठाण्याच्या उंबरठ्यावर मिळविलेला किंवा गमावलेला असतो.

तो कसा गमावला जातो, याचें उदाहरण याच शहरांत घडलेलें आहे. उत्तर नागपुरांतील कस्तुरबा नगर ही कष्टकर्‍यांची वस्ती. अक्कू यादव नांवाच्या गुंडानें दहा वर्षांहून अधिक काळ तिला छळिलें. खंडणी, मारहाण, स्त्रियांवर अत्याचार, हा वस्तीचा नित्याचा भोग झाला होता. तक्रारी करूनहि पोलिसांनीं दाद दिली नाहीं. उलट तक्रार करणार्‍याचें नांव गुंडाच्या कानीं पोहोंचे, असें वस्तींतील लोकांचें म्हणणें होतें. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजीं त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयांत आणलें असतां, वस्तींतील स्त्रियांच्या जमावानें तेथेंच त्याला ठार केलें. ज्या इमारतींत न्याय मागावयाचा, तिच्याच भिंतींच्या आंत न्यायावरील भरंवसा संपल्याची ती घोषणा होती. या प्रकरणांत ज्यांच्यावर खटला चालला, ते सर्व आरोपी २०१४ सालीं पुराव्याअभावीं निर्दोष सुटले.

जमावानें कायदा हातीं घेणें कोणत्याहि सुसंस्कृत समाजाला मान्य होण्यासारखें नाहीं, आणि तें कौतुकानें सांगण्याचीहि गोष्ट नव्हे. परंतु त्या स्त्रिया त्या दिवशीं एकाएकीं उठल्या नव्हत्या. वस्ती वर्षानुवर्षें बोलत होती. ऐकणारा कान मिळाला नाहीं. पोलिसांच्या वाणींत त्या काळीं कांहीं उणें असेल तर तें फार लहान होतें. मोठें उणें होतें तें कानांत.

कायद्यानें हा कान उघडा ठेवण्याची व्यवस्था केलेली आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली कीं ती नोंदविणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं दिला. कांहीं ठराविक प्रकारच्या प्रकरणांपुरतीच आधीं प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्यांत ठेवली. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणें गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असला, तरी खबर जवळच्या ठाण्यांत देतां येते. तोंडीं दिलेली खबर लिहून घेऊन ती खबर देणार्‍यास वाचून दाखवावी लागते आणि नोंदीची प्रत त्याला विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यानें नोंद नाकारली, तर तीच हकीकत लेखी स्वरूपांत पोलीस अधीक्षकाकडे आणि आयुक्तालयाच्या शहरांत उपायुक्ताकडे पाठवितां येते. तेथेंहि दाद न लागल्यास दंडाधिकार्‍याचें दार मोकळें असतें. तातडीच्या प्रसंगीं ११२ या क्रमांकावर हांक मारतां येते, आणि या व्यवस्थेचें एक केंद्र खुद्द नागपुरांत आहे. इतकें सारें असतांहि अंगठा उठविणार्‍या म्हातारीला आपल्या नोंदीची प्रत मागण्याचा हक्क आहे, हें तिला कोण सांगणार? पोलिसांनीं लोकांना जें जें सांगावयाचें, त्यांत हें पहिलें असावयास पाहिजे.

ऐकण्यानें काय साधतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें यंत्रमागांचें गांव १९७० आणि १९८४ या दोन्ही सालीं भीषण दंगलींत होरपळलें होतें. १९८८ मध्यें तेथें आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितींत दोन्ही समाजांची साधीं माणसें घेतलीं आणि त्या त्या भागाचा पोलीस तिच्याशीं जोडून दिला. दंगल नसतांना या मंडळींनीं एकत्र बसावें, आणि नळाच्या पाण्यापासून गल्लींतील भांडणापर्यंत जें असेल तें बोलावें, एवढाच तो उपक्रम. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां शेजारची भिवंडी शांत राहिली. त्या दिवसांत तेथें अफवा आल्या नसतील असें नव्हे. परंतु अफवा आली तर कोणाला विचारावें, हें तेथील माणसाला ठाऊक होतें. ज्याला विचारावयाचें तो पोलीस त्याच्या ओळखीचा होता, आणि समितींत बसणारा दुसर्‍या धर्माचा शेजारीहि ओळखीचा होता.

नागपूरला मुंबईचें किंवा भिवंडीचें अनुकरण जसेंच्या तसें करावें लागेल असें नाहीं. महालाची गल्ली निराळी, मोमिनपुर्‍याची निराळी, जरीपटक्याची निराळी. परंतु प्रत्येक ठिकाणीं कसोटी एकच राहील. ठाण्यांत आलेल्या माणसास बसावयास खुर्ची मिळाली काय, त्याचें बोलणें मध्येंच न तोडतां लिहून घेतलें काय, त्यानें दिलेलें नांव ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या कानीं गेलें नाहीं ना, आणि आठ-पंधरा दिवसांनीं पुढें काय झालें हें त्याला कोणी कळविलें काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर पोलिसांची साधी सूचनाहि वेदवाक्यासारखी मानली जाईल. तीं तशीं नसलीं, तर उत्तमोत्तम विनोदहि घटकाभर हंसवून विरून जाईल.

लोकांकडूनहि कांहीं अपेक्षा आहे. आलेली वार्ता पुढें ढकलण्यापूर्वीं क्षणभर थांबणें, खोटी तक्रार न करणें आणि खरी तक्रार भयापोटीं न गिळणें, एवढें ज्याला त्याला करतां येईल. मात्र आरंभ अधिकार ज्याच्या हातीं आहे त्यानेंच करावयाचा असतो. चंद्रावरच्या विक्रमाकडून शेवटपर्यंत उत्तर आलें नाहीं; त्यांत कोणाचा दोष काढतां येणार नाहीं. परंतु नागपूरच्या एखाद्या वस्तींतून एखादी बाई रात्रीं अपरात्रीं हांक मारील, तेव्हां ठाण्याकडून उत्तर आलेंच पाहिजे.