बिलावरचा नग आणि हातातले यंत्र



आजचा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला हळूच विचारले, "अहो, वसंत व्याख्यानमालेत लॅपटॉपच्या खरेदीवर काय बोलणार?" शंका रास्त होती. काल ह्याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, आणि आज एक गृहस्थ घरच्या खरेदीचे गाऱ्हाणे घेऊन उभा आहे! परंतु आपले गाव बाजारपेठेचे आहे. वचन आणि माल ह्यांत अंतर पडले म्हणजे काय होते, हे सेलूला कोणी शिकवायला नको.

हकीकत अशी आहे. माझे दाजी शेतकरी. गेल्या हंगामात त्यांनी कापूस विकला आणि त्या पैशांतून माझ्या भाचीला बावन्न हजारांचा लॅपटॉप घेतला. मुलगी अभियांत्रिकीला आहे, तिच्या नकाशांच्या कामाला मोठी मेमरी लागते. जाहिरातीत लिहिले होते: मेमरी १६ जीबी, साठवण ५१२ जीबी. घरबसल्या मागणी केली, पाचव्या दिवशी पेटी दारात आली. बहिणीने यंत्राला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. (नारळाचे पाणी यंत्रावर उडू नये म्हणून भाची मध्ये परात धरून उभी होती!)

दुसऱ्या दिवशी तिने पाहिले तर साठवण ५१२ नव्हे, ४७६ दिसते. घरात एकच गोंधळ. छत्तीस जीबी कोणी खाल्ले? मी तावातावाने विक्रेत्याला फोन केला आणि त्याने मला शांतपणे गप्प केले. तो खरे बोलत होता. येथे थोडे थांबून सांगतो, कारण ह्या जागी पुष्कळ लोक फसत नाहीत आणि तरी फसलो असे समजतात.

आपल्या आजोबांच्या वेळी ह्या गावात रुपया दोन प्रकारचा होता, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. निजामाचा हाली आणि इंग्रजी अमलातला कळदार. दोघांचे नाव रुपयाच, परंतु सात हाली तेव्हा सहा कळदार. हैदराबादचा रुपया १९५९ साली चलनातून गेला आणि तो घोळ मिटला. जीबीचा घोळ अजून मिटायचा आहे. डिस्क करणारा हजाराच्या पटीने मोजतो. त्याचा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज मात्र १०२४ च्या पटीने मोजते, आणि तिचा जीबी सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटांचा पडतो. नाव तेच, माप निराळे. म्हणून ५१२ चे ४७६ होतात, ५०० चे ४६५ होतात, आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते. ह्या फरकावरून अमेरिकेत दावे झाले. सीगेट ह्या कंपनीने २००७ साली तडजोड करून ग्राहकांना किमतीच्या पाच टक्के परत देण्याची किंवा त्याऐवजी फुकट सॉफ्टवेअर देण्याची तयारी दाखवली. तराजूवर सरकारचा निरीक्षक शिक्का मारतो. जीबीवर शिक्का मारणारा अजून कोणी नाही.

तर आम्ही चुकीच्या गोष्टीवरून भांडलो आणि ओशाळून बसलो. ह्या ओशाळेपणात आठ दिवस गेले. पुढे भाचीचा नकाशा उघडता उघडेना, तेव्हा तिच्या मैत्रिणीने मेमरी पाहिली. सोळा नव्हे, आठ!

साठवण हे कपाट आहे, मेमरी हे मेज आहे. कपाट कितीही मोठे असले तरी काम मेजावर मांडूनच करावे लागते. अर्धे मेज दिले म्हणजे माणूस एक कागद उचलून ठेवतो, दुसरा काढतो, आणि त्यातच दिवस जातो. येथे हाली-कळदाराचा प्रश्न नव्हता. सोळाचे आठ कुठल्याच मापाने होत नाहीत. पुन्हा फोन केला तर उत्तर मिळाले, "माल परत करायची सात दिवसांची मुदत संपली."

हे ऐकून दाजी जे बोलले ते मला विसरता येत नाही. ते म्हणाले, "माझा कापूस नेला तेव्हा त्यांनी यंत्र खुपसून ओलावा पाहिला. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे दर टक्क्याला कपात, बाराच्या वर घेणारच नाही म्हणाले. मी भांडलो नाही, कारण आकडा समोर होता. आता माझ्या वस्तूत निम्मा माल कमी निघाला तर कपात कोणी करायची?"

कपाशीच्या ढिगात हात घालून जाणता माणूस धागा ओढून पाहतो. लॅपटॉपच्या पोटात हात कसा घालणार? पाहायला लागतात दोनच मिनिटे, यंत्राच्या माहितीच्या पानावर मेमरी लिहिलेली असते. आपण नारळ फोडतो, ते पान उघडत नाही.

अर्थात यंत्राने स्वतःविषयी सांगितलेलेही नेहमी खरे असते असे नाही. ओळखीच्या एका शिक्षकांनी जत्रेतून स्वस्तात पेनड्राइव्ह घेतला. पेटीवर लिहिलेले आणि कॉम्प्युटरने दाखवलेले माप तंतोतंत एकच. परंतु अशा बनावट वस्तूतल्या चिपलाच खोटे बोलायला शिकवलेले असते. खरी जागा भरेपर्यंत सारे ठीक चालते. पुढे नवे फोटो आत जातात ते जुन्यांवर लिहिले जातात, किंवा कुठेच जात नाहीत. गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचे निम्मे फोटो असे गेले. ह्यावर उपाय एकच: अधोली भरून पाहतात तशी ती वस्तू आधी काठोकाठ भरून, वाचून पाहणे. तशी तपासणी करणारे फुकट प्रोग्राम मिळतात.

आणि कधी आकडा खरा असूनही वस्तू निराळी असते. २०२० साली उघड झाले की वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' नावाच्या काही डिस्कमध्ये माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या होत्या. जागा भरते, पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे तेथे फेरलेखन मंदावते. पेटीवर ह्याचा उल्लेख नव्हता. कंपनीला पुढे यादी प्रसिद्ध करावी लागली.

सरकारलाही हे चुकलेले नाही. विद्यार्थ्यांसाठी केलेला 'आकाश' टॅब्लेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत प्रकाशित झाला. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, पडदा दाबून चालवायचा. तक्रारी आल्या. राजस्थानच्या आयआयटीने कडक कसोट्या लावल्या, तर पुरवठादार डेटाविंड कंपनी म्हणाली की ह्या कसोट्या निविदेत नव्हत्याच. २०१२ मध्ये काम आपल्या पवईच्या आयआयटीकडे आले, आणि त्या नोव्हेंबरात १ गिगाहर्ट्झ प्रोसेसरचा, हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचा 'आकाश-२' निघाला. त्या भांडणात कोण बरोबर ह्यात मी शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की एवढ्या मोठ्या संस्थांचाही वाद शेवटी 'कागदावर काय लिहिले होते' येथे येऊन ठेपला.

आमच्या कागदावर काय होते? बिलावर होते: 'लॅपटॉप, नग १.' संपले! जाहिरातीचे पान उघडावे तर तेथे आता '१६ जीबीपर्यंत' असे छापलेले. ह्या 'पर्यंत' शब्दासारखा लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल. परंतु माझे थोरले बंधू चाळीस वर्षे आडतीवर मुनीम होते. जे कागदावर नाही ते झालेच नाही, अशी त्यांची श्रद्धा. मागणी केली त्याच दिवशी त्यांनी कोणाला न सांगता ते पान छापून, तारीख घालून फायलीत लावले होते. घरातल्या पोरांनी त्यांची थट्टा केली होती.

त्या एका कागदावर आमचे पुढचे सारे उभे आहे. ई-व्यापाराचे नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. सात दिवसांची सबब त्यापुढे किती टिकते ते आता ठरेल. दुसरे असे की, १९८६ च्या कायद्यात सामान्यतः विक्रेता जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल तेथे जावे लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय केली. बंगळूरला जाणारे आता मानवत रोडवरून परभणीला जातात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ ह्या क्रमांकावर फोन केला तर पुष्कळदा त्याआधीच तड लागते.

आम्हीही तो फोन केला. विक्रेत्याने दोन हजार रुपये देऊ केले. बहीण म्हणाली, घेऊन टाका, कटकट मिटेल. दाजी म्हणाले, नको. ओलाव्याच्या कपातीत मला कोणी 'किती चालेल' असे विचारले नव्हते. मला क्षणभर बहिणीचे पटले होते हे कबूल करतो. परीक्षा तोंडावर आहे आणि मुलगी रात्री मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन नकाशे काढते आहे. परंतु कापूस दाजींचा होता, तेव्हा निर्णयही त्यांचाच. तक्रार दाखल झाली आहे. तारीख ज्येष्ठात आहे. पेरणीच्या आधी पडली हे बरे झाले, एवढेच ते म्हणतात.

उद्या सकाळी नऊ वाजता भाची येथे येणार आहे. ज्यांना आपला लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह तपासून घ्यायचा असेल त्यांनी तो घेऊन यावे. येताना बिल आणावे, आणि घरात पेटी अजून शिल्लक असेल तर तीही.