वयाचा वाद की धोरणाचा?

(पुणे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



तरुण आणि ज्येष्ठ यांच्यातील मतभेदांची चर्चा पक्षाच्या बैठकांतून वारंवार होते. तिचा विचार करताना पुण्याने १९७१ व १९७७ मध्ये लोकसभेवर पाठविलेल्या मोहन धारिया यांचे उदाहरण आपण डोळ्यांसमोर ठेवावे.

सत्तारूढ काँग्रेसने समाजवादी समाजरचनेचा ठराव १९५५ साली आवडी येथे केला. त्याची खरी कसोटी लागली ती दहा वर्षांनी. १९६५ चे युद्ध, लागोपाठ दोन वर्षांचा दुष्काळ, जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन आणि खंडित झालेली पंचवार्षिक योजना यांनी अर्थव्यवस्था खिळखिळी झाली. १९६७ च्या निवडणुकीत लोकसभेतील काँग्रेसच्या जागा ३६१ वरून २८३ वर आल्या. तेव्हा चंद्रशेखर, धारिया प्रभृती ‘तरुण तुर्कां’नी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरला. अर्थमंत्री मोरारजी देसाई सामाजिक नियंत्रणापलीकडे जाण्यास राजी नव्हते. मोरारजींनी सत्तरी ओलांडलेली, चंद्रशेखर चाळिशीचे. म्हणून वाद पिढ्यांचा दिसला. वस्तुतः जनतेच्या ठेवींतून कर्ज कोणास मिळावे, मोठ्या उद्योगपतीस की शेतकऱ्यास व कारागिरास, हा त्यातील प्रश्न होता.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. मागणी रास्त होती. परंतु निर्णय आला तो वटहुकमाने, वरून. त्यातून बळ वाढले ते नेतृत्वाचे. पक्षातील लोकशाही तेथल्या तेथेच राहिली. १९७४ साली महागाई भडकली, तेव्हा याच मंडळींनी जयप्रकाशांशी बोलणी करावीत असे सुचविले. मार्च १९७५ मध्ये धारियांना मंत्रिपद गमवावे लागले; जूनमध्ये आणीबाणी येताच काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य असलेले चंद्रशेखर तुरुंगात गेले.

पुढे १९७७ मध्ये मोरारजी पंतप्रधान, धारिया त्यांचे वाणिज्यमंत्री आणि चंद्रशेखर जनता पक्षाचे अध्यक्ष झाले. वयाचे अंतर अनुल्लंघनीय असते, तर हे घडलेच नसते.

यातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. नेत्याच्या सत्तेचा आधार घेऊन ज्येष्ठांवर मात करणाऱ्या तरुणांना उद्या त्याच सत्तेपुढे मान तुकवावी लागते. ज्येष्ठांनीही शिस्तीच्या नावाखाली धोरणाची चर्चा टाळू नये. कर्ज, भाव, रोजगार यांवरील प्रत्येक प्रस्ताव आकडेवारीसह शाखेपुढे यावा आणि तेथे मतास टाकला जावा. हे काम संथ आणि कष्टाचे आहे. परंतु संकटकाळी पक्ष एकसंध राहतो तो अशा कामामुळेच.