बदलत्या पात्याचा वस्तरा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला शिक्षणाच्या महत्त्वावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. तो विषय मी ह्याच व्यासपीठावरून पूर्वी दोन वेळा मांडला असून आपण तो दोन्ही वेळा शांतपणे सहन केला आहे. म्हणून आज मंडळाची क्षमा मागून मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा. आपल्यापैकी जे दुकान चालवितात, त्यांच्या हातात तो दिवसभर असतो. जे नोकरीनिमित्त शहरात गेले, त्यांच्या घरात मात्र तो शोधूनही सापडत नाही. ही दुसरी गोष्ट मला अधिक खटकते.

माझ्या वडिलांच्या धोपटीत अखंड पोलादाचा जुना वस्तरा होता. त्याचे पाते पाठीकडे जाड आणि दोन्ही अंगांनी पोखरून धारेकडे पातळ होत गेलेले असे. वडील रोज कामापूर्वी तो चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवीत आणि काही दिवसांनी दगडावर पाणी टाकून त्याला धार लावीत. धार लागली की नाही हे ते आपल्या मनगटावरील केसावर पाहत. ती विद्या शिकण्यास वर्षे लागत. बलुतेदारीच्या काळात गावाने वर्षाअखेर जे धान्य घातले, ते एका दाढीचे मोल नव्हते. त्या वर्षांचे मोल होते, आणि ते पुरते कधीच मिळाले नाही.

किंग जिलेट ह्या अमेरिकन गृहस्थास १९०४ साली बदलत्या पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि जगातील पुरुषवर्ग हळूहळू घरच्या घरी दाढी करू लागला. ते दुधारी पाते आजही आपण वापरतो : लांबी सुमारे ४३ मिलिमीटर, रुंदी २२, आणि जाडी अवघी एक दशांश मिलिमीटर. तेच पाते लांबीच्या रेषेत मोडून जुन्या घाटाच्या मुठीत बसविण्याची युक्ती जगभरच्या कारागिरांनी उचलली, आणि दगड व पट्टा ह्या दोहोंची सुट्टी झाली. मात्र हाताची सुट्टी झाली नाही, हे ध्यानात ठेवावे. यंत्रातील पात्याचा कोन यंत्रच सांभाळते. वस्तऱ्याचा कोन माणसाने सांभाळावा लागतो.

आता रीत सांगतो. कागदी वेष्टनात असलेले पातेच दोन्ही हातांच्या चिमटीत धरून लांबीच्या रेषेत दुमडावे. ते मधोमध कट्कन तुटते आणि बोटाला इजा होत नाही. एक अर्धे मुठीच्या खाचेत नीट बसले आहे, कोठे तिरपे राहिलेले नाही, हे पाहून मूठ पक्की मिटावी. दाढी कोमट पाण्याने भिजवावी आणि दोन मिनिटे तरी साबणाचा फेस मुरू द्यावा. कोरड्या केसावर उत्तम पातेही ओढ घेते. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. वस्तरा त्वचेशी सुमारे तीस अंशांचा कोन करून, केस ज्या रोखाने उगवले त्याच रोखाने, आखूड फटकाऱ्यांनी चालवावा. दाब मुळीच देऊ नये. जुन्या वस्तऱ्याला स्वतःचे वजन होते. हा हलका आहे, म्हणून नवशिक्या जोर लावतो आणि तेथेच रक्त काढतो. धारेच्या दिशेने, म्हणजे आडवा, तो कदापि सरकू देऊ नये. पहिले आठ दिवस केवळ गालच करावेत. हनुवटी, गळा व वरचा ओठ ही वरच्या इयत्तेची ठिकाणे आहेत. शेवटी गार पाणी व तुरटीचा खडा. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत किंवा ज्यांचा हात कापतो, त्यांनी हा हट्ट धरू नये.

घरी एकट्याने वापरताना एक अर्धे पाते तीन-चार वेळा सुखाने चालते. ओढू लागले की टाकावे. परंतु टाकावे कोठे? केराच्या टोपलीत नव्हे. आपला केर उचलणाऱ्या माणसालाही हात आहेत. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात पाती साठवावीत आणि डबा भरल्यावर चिकटपट्टीने बंद करून, आत पाती आहेत असे सांगून वेगळा द्यावा.

दुकानदार बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. दुकानात एक अर्धे पाते एकाच गिऱ्हाइकासाठी असते. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि ते रक्त डोळ्यांना दिसेल इतके असावे लागत नाही. पाते कपड्याला पुसले अथवा औषधी पाण्यात क्षणभर बुडविले, म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. नवे पाते गिऱ्हाइकाच्या समोर मोडावे. त्या कट् आवाजात आपली इभ्रत आहे. अर्ध्या पात्याची बचत ती किती, आणि तिच्यापायी कोणाच्या घरावर काय ओढवेल, ह्याचा हिशेब माझ्या शाळेतील चौथीचा मुलगाही करू शकेल. शिवाय धोका गिऱ्हाइकाइतकाच आपल्यालाही आहे. तेव्हा व्यवसायातील प्रत्येकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ह्या काविळीच्या प्रतिबंधक लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

प्रवासात हा वस्तरा मोठा सोयीचा आहे. मिटला की फाउंटनपेनहून थोडा मोठा, वीज नको, आणि पाती लहानशा गावच्या वाण्याकडेही मिळतात. रेल्वेने वा एस. टी. ने जाताना पाते काढून वेष्टनात ठेवावे व मूठ मिटून फडक्यात गुंडाळावी. विमानाने जाणाऱ्यांनी मात्र वस्तरा आणि पाती दोन्ही तपासून जमा करावयाच्या सामानात घालावीत. हातातल्या पिशवीत ती नेऊ देत नाहीत.

प्रवासाचा विषय निघालाच आहे, तर एक कबुली देतो.

१९९९ सालच्या निवडणुकीत शिक्षक म्हणून मला डोंगरातील एका वाडीवर मतदानाच्या कामासाठी पाठविले होते. पावसाचे दिवस होते. आदल्या रात्री आम्ही पाच-सहा जण शाळेच्या एका खोलीत मुक्कामाला होतो. आमचे केंद्राध्यक्ष दुसऱ्या खात्यातील एक वयस्क गृहस्थ होते. दाढीचे सामान ते घरी विसरले होते. दोन दिवसांची दाढी घेऊन उद्या लोकांसमोर बसावयाचे ह्याचा त्यांना संकोच वाटत होता. माझ्याकडे आहे का, असे त्यांनी विचारले. माझ्या पिशवीत वस्तरा होता आणि एकच पाते शिल्लक होते. एक पाते म्हणजे दोन अर्धी; एक त्यांना, एक मला. हिशेब इतका सोपा होता. परंतु त्यांना वस्तरा चालविता येणार नाही, मलाच त्यांची दाढी करावी लागेल, आणि मग गुरुजींचा हात इतका सराईत कसा, असा प्रश्न निघेल, हे माझ्या मनात आले. मी म्हणालो, “माझ्याकडे काही नाही.” पहाटे शाळेच्या मागे जाऊन मी पाते मोडले, कंदिलाच्या उजेडात गुळगुळीत दाढी केली आणि दुसरे अर्धे खिशात घालून परत आलो. ते गृहस्थ माझ्या चेहऱ्याकडे पाहून काही बोलले नाहीत. दिवसभर ते हनुवटीवर हात ठेवून बसले होते.

घरी आल्यावर ही हकीकत मी वडिलांना सांगितली. मला वाटले होते की ते म्हणतील, बरे केलेस. बलुतेदारीत आम्ही पुष्कळांच्या दारात बसलो, तू कशाला बसतोस? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आम्ही बसायचो ते बसावंच लागायचं म्हणून. तुला तर कुणी हुकूम केला नव्हता. सोबतीनं सोबत्याकडं मागितलं होतं. हाताला येतं त्याची तुला लाज वाटली, आणि येत असून केलं नाहीस त्याची वाटली नाही?”

बंधूंनो, ह्या प्रश्नाचे उत्तर मी आजपर्यंत देऊ शकलेलो नाही. सक्तीने केलेले काम आणि स्नेहाने केलेले काम ह्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. सक्ती गेली हे उत्तम झाले. ती परत येऊ नये ह्यासाठी आपले मंडळ आहे. पण सक्तीबरोबर विद्याही टाकून द्यावी, असे कोणी सांगितले? ज्या संत सेना महाराजांची पुण्यतिथी आपण पाळतो, त्यांचे पद शीख बांधवांच्या गुरु ग्रंथ साहिबातही सन्मानाने विराजमान आहे; त्यांनी आपला व्यवसाय लपविला नव्हता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या पूर्वजांनी, विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालविणार नाही, असे ठरवून संप केला. कोठे चालवावयाचा आणि कोठे नाही, हे ज्यांनी ठरविले, त्यांच्या वंशजांना वस्तऱ्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

२०२० च्या टाळेबंदीत सर्व दुकाने बंद होती, तेव्हा माझा नातू माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “आजोबा, मला शिकवा.” तो संगणकाचे शिक्षण घेतो, हा व्यवसाय तो करणार नाही. पहिल्या आठवड्यात त्याने गालावर दोनदा कापून घेतले. आता त्याचा हात माझ्याहून हलका आहे. वसतिगृहात त्याच्या खोलीतील मित्राच्या हाताला मोड आली, तेव्हा पंधरा दिवस त्याची दाढी ह्यानेच केली, दर वेळी नवे अर्धे पाते मोडून. कोठे शिकलास, असे मित्राने विचारले. “आमच्या घरचीच विद्या आहे,” असे त्याने उत्तर दिले.

जे उत्तर मला त्या रात्री सुचले नाही, ते त्याला सहज सुचले. आपणा सर्वांच्या मुलांना ते तितक्याच सहजपणे देता यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.