यकृतरोपणानंतरचे मातृत्व
(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



या विषयावर बोलण्यास आम्हांस पाचारण व्हावे, याचे प्रथम आम्हांलाच नवल वाटले. आम्ही बी. ए., तेही इतिहास घेऊन; आणि सारी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. पण चिटणीसबाईंनी आमची सबब चालू दिली नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय सांगतात ते दवाखान्यात कळते. घरच्या माणसांनी काय करावे, ते सांगणारे कोणी भेटत नाही." त्यांना आमच्या भाचीची हकीकत ठाऊक होती. ती येथे सांगण्यास भाचीची अनुमती आम्ही घेतली आहे.

आमच्या थोरल्या भगिनीची ही कन्या. तिला विल्सन रोग होता. या व्याधीत अन्नातून येणारे तांबे शरीराबाहेर टाकण्याची यकृताची शक्ती जन्मतःच उणी असते; ते साचत जाऊन यकृत नासते. एकोणिसाव्या वर्षी तिचे यकृत पार निकामी झाले, तेव्हा आईने आपल्या यकृताचा भाग दिला आणि मुलगी वाचली. पुढे शिक्षण झाले, नोकरी लागली, आणि यथाकाल विवाहाचा विचार सुरू झाला. तेथून खरा प्रश्न उभा राहिला. घरात दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे, हिला मूल होणे शक्य नाही, तेव्हा लग्नाचा विषयच नको. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, लग्न तर करावेच, आणि रोपणाची गोष्ट वराकडे कशाला बोलावी? आमच्या मते दोन्ही पक्ष चुकीचे होते, आणि दुसरा अधिक. ज्या मुलीस आयुष्यभर दिवसातून दोन वेळा ठरल्या घटकेला गोळ्या घ्यावयाच्या आहेत, तिने त्या सासरी लपून घ्याव्यात काय? वराकडील मंडळींस सर्व काही सांगितले. तीन ठिकाणचे संबंध मोडले, चौथे जुळले.

आता शास्त्राकडे वळू. माणसाच्या शरीरात दुसऱ्याचे यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे केला. तो रुग्ण दगावला. शस्त्रक्रियेनंतर वर्षाहून अधिक काळ जगलेले रुग्ण १९६७ नंतरचे. त्याआधीच, १९५६ साली, बोस्टन येथे एका तरुणीस तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसविले होते; तिला १९५८ साली मुलगा झाला. यकृतरोपणानंतर सुखरूप बाळंत झालेल्या स्त्रीची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली ती १९७८ साली. भारतात अवयवरोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली दिल्लीत एका वीस महिन्यांच्या बालकावर यकृतरोपण यशस्वी झाले. म्हणजे आपल्या देशात लहानपणी नवे यकृत मिळालेल्या मुलींची पहिली पिढी आत्ता कोठे विवाहाच्या वयाला आली आहे. घरातील वडीलधाऱ्यांजवळ याचा अनुभव नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

अशा स्त्रियांच्या गर्भारपणाची पद्धतशीर नोंद ठेवणारी एक संस्था अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९९१ पासून काम करीत आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या शेकडो बाळंतपणांचा एकत्र अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे शेकडा ७७ गर्भारपणांत जिवंत मूल जन्माला आल्याचे दिसले. हा आकडा पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. पण त्याच अभ्यासातील दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. सुमारे पाचातील एकीला गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचा विकार झाला, आणि शंभरातील सुमारे ३९ बाळे दिवस पुरे होण्याआधी जन्मली. तेव्हा मातृत्व शक्य आहे, परंतु ते जोखमीचे गर्भारपण आहे, असे समजूनच चालावे.

शरीर परके यकृत नाकारते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. सारी खुबी या औषधांत आहे. त्यांतील मायकोफेनोलेट नावाचे औषध गर्भाला घातक आहे. त्याने गर्भपात होतो, किंवा बाळाच्या कानांत, ओठांत व टाळूत व्यंग राहते. म्हणून ते दिवस राहण्यापूर्वी निदान सहा आठवडे बंद करून बहुधा ॲझाथायोप्रिन दिले जाते. टॅक्रोलिमस हे मुख्य औषध मात्र गर्भारपणातही चालू ठेवावे लागते. फक्त रक्तातील त्याचे प्रमाण या काळात बदलते, म्हणून वारंवार तपासावे लागते. "पोटातल्या बाळाला बाधेल" या भीतीने कित्येक सुना आणि सासवा गोळ्या परस्पर बंद करतात. याहून मोठा अनर्थ नाही. गोळ्या थांबल्या की शरीर त्या यकृतावर उलटते, आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

दिवस केव्हा राहू द्यावेत? शस्त्रक्रियेनंतर निदान एक वर्ष जावे, यकृत व मूत्रपिंडे स्थिर असावीत, रक्तदाब आटोक्यात असावा. येथे एक गोष्ट संकोच सोडून सांगणे भाग आहे. यकृत बिघडलेल्या स्त्रीची पाळी पुष्कळदा बंद पडलेली असते, आणि म्हणून घरच्यांना काळजीचे कारण वाटत नाही. परंतु नवे यकृत मिळाल्यावर ती काही महिन्यांतच पूर्ववत होते. नको त्या वेळी दिवस राहू नयेत म्हणून साधन वापरणे पहिल्यापासूनच आवश्यक असते, आणि ते कोणते वापरावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

विल्सन रोग मुलाला होईल काय, ही भीती आमच्या घरातही होती. नवे यकृत मिळाले तरी आईच्या बीजातील दोष तसाच राहतो. मात्र पित्याच्या बाजूनेही तोच दोष आला तरच मूल आजारी पडते. म्हणून अशा घरात मामेबहीण-आतेभाऊ असे लग्न जुळविण्याचा हौशी बेत सोडून द्यावा, आणि पतीचीही तपासणी करून घ्यावी.

आता आपल्या मंडळींचा विषय. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. आपण तर नोकरीपायी मुलुखापासून इतके दूर येऊन राहिलो, की सातव्या महिन्यात मुलीला गाडीत बसवून गावी धाडणे, हा आपल्या घरांतला एक सोहळाच असतो. या मुलींच्या बाबतीत तो रिवाज मोडावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. जेथे रोपणतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची व्यवस्था एका छपराखाली आहे, तेथेच तिचे बाळंतपण व्हावे. आमच्या भगिनीने तेच केले. तालुक्याच्या गावातील घराला कुलूप लावून ती पाच महिने लेकीच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. लेक माहेरी गेली नाही. माहेरच लेकीकडे आले. बाळ छत्तिसाव्या आठवड्यात झाले, वजन सव्वादोन किलो. यकृतरोपण झाले एवढ्यानेच पोट चिरावे लागते असे नाही, पण भाचीचा रक्तदाब वाढल्याने तसे करावे लागले.

काढ्यांविषयीही बोलले पाहिजे. आपल्याकडे गर्भारशीला आणि बाळंतिणीला शक्तीसाठी नाना वनस्पती देतात. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. त्या वादात आम्ही पडत नाही. जिची प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दाबून ठेवलेली आहे, तिला ती वाढविणारा काढा पाजणे हा उफराटा कारभार आहे, हे कळावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. ग्रेपफ्रूट आणि पपनस ही फळेही टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढवितात, म्हणून वर्ज्य. डिंकाचे लाडू रक्तातील साखर पाहून खावेत, कारण यांतील काही औषधांनी मधुमेहही जडतो. बारशाला शंभर माणसे बोलावून बाळंतिणीला सर्दी-खोकल्याच्या घोळक्यात बसवू नये. भाचीच्या घरी बारसे पाच माणसांत झाले. नातेवाईक रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत.

अंगावर पाजावे की नाही, यावर पूर्वी नकार मिळत असे. टॅक्रोलिमस दुधात फारच अल्प उतरते, असे दिसून आल्यावर आता पुष्कळ डॉक्टर अनुमती देतात.

एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे: भावाला यकृताचा भाग दिलेल्या मुलीला पुढे मूल होऊ शकते काय? होते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियाच फार मोठ्या संख्येने आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, तेव्हा हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे. देणाऱ्याचे यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होते आणि तिला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. जखम पुरती भरून तपासण्या नीट येईपर्यंत थांबावे, एवढेच. मात्र वरपक्षाला सांगण्याचा जो नियम आमच्या भाचीला, तोच हिलाही. चिठ्ठीवर नाव नाही, पण त्या भगिनींनी कार्यक्रमानंतर आम्हांस भेटावे. भाचीने आपला दूरध्वनी क्रमांक अशा मुलींसाठी आमच्याजवळ देऊन ठेवला आहे.