खेळाडूची पारख

अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस शहरात एक आगळी परीक्षा भरते. विद्यापीठांच्या मैदानांवर नाव मिळवलेले सुमारे तीनशे तरुण तेथे जमतात. बहुतेकांचे वय एकवीस-बावीस. प्रथम त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी टिपून घेतात; वैद्य त्यांचे सांधे न् सांधे तपासतात. मग त्यांना धावावयास लावतात, उभ्या आणि लांब उड्या मारावयास लावतात, आणि बाकावर उताणे निजून १०२ किलोंचे वजन किती वेळा वर ढकलता येते तेही मोजतात. या परीक्षेला तिकडे 'काँबाइन' म्हणतात. १९८७ पासून ती याच शहरात होत आली आहे.

ही परीक्षा फुटबॉलची. पण हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा, शिरस्त्राण घालून खेळावयाचा हा दांडगा खेळ आहे. त्याच्या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. एप्रिल महिन्यात हे संघ एकत्र येऊन नव्या खेळाडूंची निवड करतात. तिला 'ड्राफ्ट' असे नाव असून ही प्रथा १९३६ साली सुरू झाली. मागील हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला त्याला पहिला मान. म्हणजे दुर्बळाला बळ मिळावे आणि खेळात चुरस राहावी, हा हेतू. सात फेऱ्यांत सुमारे अडीचशे तरुण निवडले जातात. पहिल्या फेरीतल्याचे वेतन आणि सातव्या फेरीतल्याचे वेतन यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. म्हणून काँबाइनमधील एखाद्या सेकंदाच्या दहाव्या हिश्शाला पुष्कळ मोल येते. प्रश्न असा की, हे मोल रास्त आहे काय? चाचणीतले आकडे पुढच्या यशाची ग्वाही देतात काय?

या परीक्षेतला सर्वांत गाजणारा भाग म्हणजे चाळीस यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांची, धाव. २०१७ साली जॉन रॉस या तरुणाने हे अंतर ४.२२ सेकंदांत तोडले आणि तोवरचा उच्चांक मोडला. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. त्याच वर्षी, त्याच जागी खेळणारा, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, कूपर कप नावाचा दुसरा तरुण होता. तो एका लहान विद्यापीठातून आलेला. त्याला त्याच अंतराला ४.६२ सेकंद लागले, आणि त्याचा क्रमांक लागला एकोणसत्तरावा. पुढे काय झाले? रॉसला दुखापतींनी घेरले आणि त्याचा वेग मैदानावर फारसा फळाला आला नाही. कपने २०२१ च्या हंगामात १४५ झेल घेऊन साऱ्या संघटनेत अग्रस्थान मिळवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अजिंक्यपदाचा सामना झाला. त्यात निर्णायक गुण मिळवून देणारा झेल कपचाच होता. आणि प्रतिपक्ष कोण, तर सिनसिनाटी!

टॉम ब्रॅडीचे उदाहरण तर याहून प्रसिद्ध आहे. २००० साली तो ५.२८ सेकंदांत धावला. १९८ जणांची निवड झाल्यावर त्याचे नाव पुकारले गेले. त्याने पुढे तेवीस हंगाम खेळून सात अजिंक्यपदे मिळवली. इतकी दुसऱ्या कोणाही खेळाडूच्या वाट्याला आलेली नाहीत.

परंतु अशा कथांनी आपण सावध व्हावे, वाहून जाऊ नये. कथा दुसऱ्या बाजूच्याही सांगता येतात. रॉसने ज्याचा उच्चांक मोडला तो क्रिस जॉन्सन २००८ साली ४.२४ सेकंदांत धावला होता, आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे २००९ च्या हंगामात, चेंडू घेऊन त्याने २००६ यार्डांची मजल मारली. एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही; त्यासाठी अनेकांची मोजदाद करावी लागते. कुझमिट्स आणि अ‍ॅडम्स या दोन अभ्यासकांनी ती २००८ साली प्रसिद्ध केली. चेंडू फेकणारे, चेंडू घेऊन धावणारे आणि चेंडू झेलणारे अशा तीन प्रकारच्या खेळाडूंचे चाचणीतील आकडे आणि पुढील कामगिरी त्यांनी ताडून पाहिली. दोहोंत सुसंगत असे नाते त्यांना आढळले नाही. अपवाद एकच : चेंडू घेऊन धावणाऱ्याची धाव. ज्याचे कामच मुळी फट दिसताच मुसंडी मारण्याचे, त्याच्या बाबतीत घड्याळ काहीतरी खरे सांगते.

मग वेग आणि बळ निरुपयोगी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडे पोलीस भरतीला उंचीची अट असते. त्या अटीत बसून जे भरती झाले त्यांच्यापैकी कोण चांगला शिपाई निघेल, हे एखाद-दुसऱ्या इंचावरून सांगता येणार नाही. म्हणून उंचीची अट व्यर्थ ठरत नाही. तिचे काम दारापाशीच संपलेले असते, इतकेच. काँबाइनला येणारे तरुण असेच गाळून घेतलेले असतात. शाळेतून, विद्यापीठांतून, हजारोंतून ते वर आलेले असतात. खरोखरी मंद असलेला गडी तेथवर पोहोचतच नाही. जे पोहोचले त्यांच्यातील फरक अल्प असतो, आणि त्या अल्प फरकावर मोठे भाकीत उभे राहत नाही.

दुसरे कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. चाचणीत खेळाडू एकटा, हलक्या कपड्यांत, सरळ रेषेत धावतो. सामन्यात त्याच्या अंगावर शंभर-सव्वाशे किलोंचे गडी चालून येत असतात आणि कोठे वळावे, कोणाला चेंडू द्यावा, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. ही निर्णयबुद्धी मोजण्याचा प्रयत्नही झाला. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवण्याची 'वंडरलिक' नावाची बुद्धिचाचणी अनेक वर्षे घेतली जात असे. २०२२ मध्ये ती बंद करण्यात आली.

तिसरे कारण मनुष्यस्वभावाचे. परीक्षा काय आहे हे एकदा कळले की लोक परीक्षेचीच तयारी करू लागतात. १९९५ साली माइक मामुला या तरुणाने नेमक्या याच चाचण्यांचा कसून सराव केला आणि सर्वांना थक्क केले. फिलाडेल्फियाच्या संघाने देवघेव करून वरचा क्रमांक मिळवला आणि त्याला सातव्या स्थानी घेतले. तो काही अपयशी ठरला नाही. पण त्याची कारकीर्द बेताचीच राहिली. बाराव्या स्थानी टँपाच्या संघाने घेतलेला वॉरेन सॅप मात्र पुढे त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. आज अशी तयारी करून देणारे शिक्षक उदंड आहेत, आणि सर्वांनीच घोकंपट्टी केली की गुणांचा अर्थ आणखी पातळ होतो.

तरीही चाचणीच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घड्याळ कोणाचे विद्यापीठ विचारीत नाही. आडगावच्या मैदानावर खेळलेल्या तरुणाला बत्तीस संघांच्या डोळ्यांसमोर उभे राहण्याची संधी तेथे मिळते. शिवाय वैद्यकीय तपासणी ही या मेळाव्याच्या मुळाशीच आहे, आणि दडलेली दुखापत वेळीच उघडकीस येण्यात संघाइतकेच खेळाडूचेही हित आहे.

दोष मापाकडे नाही, मापावर अतिरिक्त भिस्त ठेवणाऱ्याकडे आहे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पुढे २०१७ साली ज्यांना मिळाले ते रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी या निवडीचा हिशेब मांडला आहे. एकाच जागी खेळणारे दोन तरुण लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला अधिक चांगला निघण्याचा संभव शेकडा ५२ च्या आसपास असतो. छापा-काटा करूनही शेकडा ५० लाभतातच! चाचण्या, चित्रफिती, मुलाखती, एवढा सारा खटाटोप करून पदरात पडते ते हे. म्हणून एका वरच्या क्रमांकासाठी अनेक क्रमांक गहाण टाकण्यापेक्षा अधिक तरुणांना संधी द्यावी, असेच त्यांच्या हिशेबातून निघते.

ज्या तरुणाचे नाव अखेरपर्यंत पुकारले जात नाही त्यालाही हे ठाऊक असावे. न निवडलेल्यांनाही संघांच्या सराव-शिबिरांत जाता येते, आणि दरवर्षी त्यांतले काही संघात आपली जागा मिळवतात. चार-पाच सेकंदांच्या त्या धावेत त्याच्याविषयी जे कळले ते खरे असते. पण ते फार थोडे असते. उरलेले सांगावयास मैदान लागते, आणि काही वर्षे लागतात.