यंत्र आपलं, ड्रायव्हर कुणाचा?



मॅक संगणकावर विंडोज घातलं की ड्रायव्हर नीट बसत नाहीत, ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानातली आहे. ती व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, असं कुणालाही वाटेल. मला ती इथेच मांडावीशी वाटते, कारण तिच्या तळाशी एक सार्वजनिक प्रश्न आहे. आपण पैसे मोजून जी वस्तू घेतो, ती पुरती आपली होते का? गडहिंग्लजसारख्या गावात संगणक एकदा घेतला की तो वर्षानुवर्षं चालवला जातो. पुण्या-बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाचा जुना मॅक धाकट्या भावंडाकडे येतो, नाहीतर कुणी तो वापरलेला विकत घेतो. त्याचा पडदा उत्तम असतो, बांधणी भक्कम असते, आणि गावातलं काम मात्र विंडोजवर चालणारं असतं. मग त्यावर विंडोज घालायचं ठरतं आणि दोन बलाढ्य कंपन्यांच्या मधली फट आपल्या पदरात पडते. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं : यंत्राच्या प्रत्येक भागाशी संवाद साधण्याची रीत ही त्या यंत्राचाच भाग आहे. ती ग्राहकाला मिळालीच पाहिजे, आणि कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलं तर निदान ती रीत तिने उघड केली पाहिजे.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागात समजावणं सोपं आहे. संकेश्वरच्या बाजारात फक्त कानडी बोलणारा व्यापारी आणि फक्त मराठी बोलणारा शेतकरी समोरासमोर आले, तर दोन्ही भाषा येणारा तिसरा माणूस लागतो. ड्रायव्हर हा तसा दुभाषा. विंडोज किंवा मॅकओएस ही संगणकाची कार्यप्रणाली झाली. वायफायची चिप, आवाजाची चिप, ग्राफिक्स कार्ड, कॅमेरा हे भाग निरनिराळ्या कंपन्यांचे. कार्यप्रणालीने हुकूम सोडायचा आणि चिपला कळेल अशा आकड्यांत तो ड्रायव्हरने पोचवायचा. भाग शाबूत आहे, वीज आहे, पण ड्रायव्हर नाही, तर तो भाग असून नसल्यासारखा. एखादं उपकरण बिघडलं म्हणून बंद पडणं आणि त्याला ड्रायव्हर नाही म्हणून बंद राहणं, यांतला फरक वापरणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने वस्तू वाया गेली, एवढंच खरं.

आता इतिहास पाहू. ॲपलने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर घालण्याचा निर्णय जून २००५ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २००६ मध्ये असे पहिले मॅक बाजारात आले. विंडोजच्या संगणकांतला प्रोसेसर तोच, मग मॅकवर विंडोज का चालू नये, हा विचार लगेच पुढे आला. मॅकवर विंडोज एक्सपी चालवून दाखवणाऱ्यासाठी हौशी लोकांनी वर्गणी काढून बक्षीस लावलं, ते तेरा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि मार्च २००६ मध्ये ते जिंकलंही गेलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ५ एप्रिल २००६ रोजी, ॲपलने बूट कॅम्प नावाची स्वतःची सोय चाचणी रूपात दिली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये मॅकच्या कार्यप्रणालीच्या लेपर्ड आवृत्तीत ती कायमची समाविष्ट केली. बूट कॅम्प डिस्कचे दोन भाग करतं, एकावर विंडोज घालायला मदत करतं आणि मॅकच्या भागांसाठी लागणाऱ्या विंडोज ड्रायव्हरांचा एक संच देतं. पण विंडोज विकण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आमचा इरादा नाही, असंही ॲपलने त्याच वेळी सांगून टाकलं होतं. सगळ्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. दार उघडलं, पण दाराची जबाबदारी कुणीच घेतली नाही. मायक्रोसॉफ्टच्या लेखी हे यंत्र ॲपलचं आणि ॲपलच्या लेखी ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. ग्राहकाने पैसे मात्र दोघांनाही दिलेले.

या फटीत प्रत्यक्ष काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. विंडोज चढतं, पडदा उजळतो, पण अक्षरं बेंगरूळ दिसतात. कारण ग्राफिक्स कार्डाच्या जागी विंडोजने कामचलाऊ 'बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' धरलेला असतो. आवाज येत नाही. खालच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नसतं. डिव्हाइस मॅनेजर उघडला की अनोळखी उपकरणांची रांग आणि प्रत्येकापुढे पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेटसाठी आधी वायफायचा ड्रायव्हर हवा. संच आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेला असेल तरच सुटका. त्यातही आणखी एक अडथळा : हा पेनड्राइव्ह सहसा फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांतली मुख्य फाइल चार जीबीच्या वर गेली. म्हणजे जुना मॅक, त्यावरचं जुनं बूट कॅम्प आणि नवं विंडोज यांचा मेळ पहिल्याच पायरीवर मोडतो. पुढे २०१७-१८ पासून ॲपलने टी २ नावाची सुरक्षा चिप घातली. अशा लॅपटॉपवर योग्य ड्रायव्हरचा फोल्डर पेनड्राइव्हवर नसेल, तर विंडोजच्या सेटअपमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसुद्धा चालत नाहीत.

याच क्षणाकडे मी आपलं लक्ष वेधू इच्छितो. त्या लाखभर रुपयांच्या लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड मुका असताना बाजारातला कुठलाही साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, तो तत्काळ चालतो. असं का व्हावं? कारण यूएसबी कीबोर्डाने संगणकाशी कसं बोलायचं याचं मानक सर्वांसाठी प्रसिद्ध आहे. कीबोर्ड कोणत्या कंपनीचा आहे, कोणत्या कार्यप्रणालीशी जोडला आहे, हे विचारावं लागत नाही. अंगच्या कीबोर्डाची रीत मात्र त्या कंपनीच्या कपाटात बंद आहे. स्वस्त वस्तू चालते आणि महाग वस्तू अडते, यात कारागिरीचा दोष नाही. एकीची रीत उघडी आहे आणि दुसरीची झाकलेली, एवढाच फरक. छपाईयंत्रांतही हे दिसून आलं. पूर्वी प्रिंटर घेतला की सीडी आली, आणि विंडोजची आवृत्ती बदलली की प्रिंटर अडगळीत गेला. २०१० मध्ये ॲपलनेच एअरप्रिंट आणलं आणि वेगळा ड्रायव्हर न घालता छापता येऊ लागलं. मनात आणलं तर ही डोकेदुखी मुळातून संपवता येते, याचा हा पुरावा त्याच कंपनीने दिलेला आहे.

रीत झाकलेली राहिली की ओझं परोपकारी माणसांवर पडतं. दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या मॅकबुक प्रोवर विंडोज चालवलं की बूट कॅम्पमध्ये जास्त वीज खाणारं कार्डच सतत चालू राहतं; यंत्र तापतं, बॅटरी झपाट्याने उतरते. मॅकचा ट्रॅकपॅड विंडोजवर ओबडधोबड वागतो, म्हणून एका हौशी प्रोग्रामरने त्यासाठी चांगला ड्रायव्हर लिहून फुकट वाटला. ग्राफिक्सचे ड्रायव्हर अद्ययावत करून देणारेही असेच स्वयंसेवक. या मंडळींचं ऋण मानावं तेवढं थोडं. पण एका माणसाच्या सवडीवर हजारोंचं काम अवलंबून राहावं, ही व्यवस्था म्हणता येणार नाही. शिवाय चौसष्ट बिटांच्या विंडोजला गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर मान्यताप्राप्त सही लागते आणि २०१६ पासून नव्या ड्रायव्हरांसाठी ती मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी लागते. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे एकट्या हौशी माणसाची वाट आणखी अरुंद होते.

यावर पहिला आक्षेप असा, की मॅक मॅकसारखा वापरावा, विंडोजचा हट्ट कशाला? हा हट्ट नाही, गरज आहे. हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच बनतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक छापणाऱ्यांची मराठी अक्षरजुळणी वर्षानुवर्षं विंडोजवर रुळली आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव. जुन्या फाइली त्या-त्या फाँटच्या खासगी सांकेतिक रचनेत अडकलेल्या असतात. फाँट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं उमटतात. अशा सॉफ्टवेअरला अनेकदा डोंगल नावाचं यूएसबी कुलूप असतं, आणि त्या कुलपाला पुन्हा ड्रायव्हर लागतो. म्हणजे इंग्रजीत काम करणाऱ्याला जे निवडीचं स्वातंत्र्य आहे, ते मराठीत काम करणाऱ्याला तेवढं नाही. या फटीची झळ प्रादेशिक भाषेला अधिक बसते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांचा आहे : आता हे सगळं जुनं झालं. नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम १ आणि त्यापुढच्या चिपा आल्या, त्यांवर बूट कॅम्पच नाही; विंडोज हवंच असेल तर पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरच्या आत आभासी यंत्रात चालवा. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये या मार्गाला अधिकृत मान्यता दिली. हा आक्षेप अर्धा खरा आहे. आभासी यंत्रात विंडोजला ॲपलचे खरे भाग दिसतच नाहीत, त्याला ठरावीक आभासी भाग दिसतात, त्यामुळे वायफाय-आवाजाची कटकट खरोखर मिटते. पण ॲपलच्या या चिपा इंटेलहून वेगळ्या, आर्म जातीच्या; म्हणून हे विंडोजही आर्म प्रोसेसरसाठीचं आहे. इंटेलसाठी लिहिलेले सामान्य प्रोग्राम ते भाषांतर करून चालवतं; गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही, तो मुळातूनच आर्मसाठी लिहिलेला लागतो. डोंगलच्या किंवा जुन्या स्कॅनरच्या निर्मात्याने तो लिहिला नसेल, तर प्रोग्राम चालतो आणि कुलूप उघडत नाही. आणि ज्यांच्या हाती इंटेलचे मॅक आहेत त्यांचं काय? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ या मॅकना अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने सांगितलं आहे. यंत्र धडधाकट आहे, पण त्याला वाली उरला नाही.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा : रीत उघड केली तर सुरक्षा धोक्यात येईल, व्यापारी गुपितं फुटतील, आणि जुन्या यंत्रांना जन्मभर कोण पोसणार? यातल्या खर्चाच्या मुद्द्याला मी मान देतो. म्हणूनच कंपनीने कायम ड्रायव्हर लिहीत बसावं, अशी माझी मागणी नाही. लिहिणं थांबवताना माहिती प्रसिद्ध करावी, एवढीच आहे. गुपिताच्या मुद्द्यावर उदाहरण एएमडीचं. ग्राफिक्समध्ये कडवी स्पर्धा असताना २००७ मध्ये या कंपनीने आपल्या चिपांची तांत्रिक माहिती लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीच्या कामासाठी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि तिचा धंदा बुडाला नाही. सुरक्षेबद्दल सांगायचं तर ॲपलच्या नव्या मॅकवर मालकाला दुसरी कार्यप्रणाली घालण्याची मुभा ॲपलनेच ठेवली आहे. 'असाही लिनक्स' या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी कागदपत्रांवाचून, एकेक चिप उलगडत जाऊन, मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती दिली. दार उघडं ठेवल्याने सुरक्षा बिघडली नाही, तर आतला नकाशा दिल्याने ती बिघडेल कशी?

आपण मराठी माणसांनी उघड्या रीतीचा हा धडा अक्षरांच्या बाबतीत एकदा गिरवला आहे. प्रत्येक फाँट कंपनीची रचना वेगळी होती, तोवर एका छापखान्याचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नव्हता. आधी इस्की हे भारतीय मानक आणि १९९१ मध्ये त्याच्या पायावर युनिकोडमधली देवनागरी आली. आज पुण्यात टंकलेला मजकूर गडहिंग्लजला मोबाइलवर, मॅकवर, विंडोजवर सारखाच उमटतो. फाँट कंपन्याही टिकून आहेत. त्यांची स्पर्धा आता अक्षराच्या देखणेपणावर होते. जे अक्षराला जमलं ते यंत्राच्या भागांना जमायला हरकत नाही.

शेवटचा आक्षेप सोपा आहे : नवा विंडोज लॅपटॉप घ्या. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावा. पण चालतं यंत्र कचऱ्यात टाकायला लावणं, हे उत्तर समाज म्हणून आपल्याला परवडणारं नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली गेली. संगणक त्यात स्वतंत्रपणे यायला हवा आणि 'दुरुस्ती'त ड्रायव्हरही धरला जायला हवा. कारण बिघडलेला भाग बदलून मिळाला, पण तो ओळखणारा ड्रायव्हर मिळाला नाही, तर ती दुरुस्ती अर्धवटच. कायदा होईपर्यंत आपल्या हातात खरेदी आहे. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, छापखाना यांनी उपकरण घेताना दरपत्रकात तीन प्रश्न घालावेत : हे खुल्या मानकावर चालतं का, ड्रायव्हर किती वर्षं मिळेल, आणि थांबवाल तेव्हा माहिती प्रसिद्ध कराल का? एका गिऱ्हाईकाने विचारलं तर विक्रेता हसेल. सगळ्या तालुक्याने विचारलं तर त्याला वरपर्यंत विचारणा करावी लागेल. हा प्रश्न विचारायची सुरुवात गडहिंग्लजने करावी, अशी विनंती करतो.